चिठ्ठीतले 'ओडी' आणि आमचा गोंधळ

महोदय,

आईच्या डोळ्यांच्या थेंबांपुढे चिठ्ठीत 'ओडी' लिहिले होते. तिच्या बीपीच्या गोळीपुढेही 'ओडी'च असते, म्हणजे दिवसातून एकदा. आम्ही इमानेइतबारे दोन्ही डोळ्यांत दिवसातून एकदा थेंब घातले. दोन दिवसांनी औषध दुकानदाराने उलगडा केला : डोळ्यांच्या डॉक्टरांचे 'ओडी' म्हणजे 'ऑक्युलस डेक्स्टर', लॅटिनमध्ये उजवा डोळा!

'बीडी' म्हणजे दोनदा, 'टीडीएस' म्हणजे तीनदा (पगारदाराला वेगळेच काही आठवते), 'एसी' म्हणजे जेवणाआधी. हे पेशंटने कुठून ओळखायचे?

लॅटिनशी माझे वैर नाही, उलट गंमतच वाटते. 'मसल' हा शब्द 'मुस्क्युलस'वरून, म्हणजे छोट्या उंदरावरून आला. कातडीखाली हलणाऱ्या स्नायूत रोमनांना उंदीर दिसला. आपल्याला दंडात बेटकुळी, म्हणजे बेडकी दिसते. पण ही गंमत पुस्तकात ठीक. बरेच डॉक्टर गोळ्यांपुढे १-०-१ लिहितात, ते आमच्या आईलाही कळते. मग थेंबांपुढे 'उजवा डोळा' एवढे दोन शब्द लिहायला काय हरकत आहे?

– एक वाचक, सातारा