मिठाचा एक तास आणि बाकी बरंच काही: मावशींना आभारपत्र

आदरणीय मावशी,

सप्रेम शालोम.

ठाण्या-मुंबईतल्या ज्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांना तुम्ही कोशर, म्हणजे आपल्या धर्मनियमांप्रमाणं, स्वयंपाकघर लावून दिलंत, त्या सगळ्यांच्या वतीनं हे पत्र. नाव छापायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून नुसतं ‘मावशी’. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

तोराहच्या, आपल्या धर्मग्रंथाच्या, आज्ञा पाळाव्यात हे आपल्याकडे कुणाला पटवावं लागत नाही. ‘जीवन निवड’ हे तोराहमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 30व्या अध्यायातलं वचन प्रार्थनेला येणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं. अडतं ते त्याच्या पुढं. निवडलं, ठरवलं, शोहेतकडून, म्हणजे नियमाप्रमाणं जनावर कापणाऱ्याकडून, मटण आणलं. आता ते ओट्यावर आहे, त्याचं करायचं काय? इस्राएलात अश्दोदमधल्या आपल्या नातेवाइकांना दुकानात मीठ लावून, धुऊन, शिक्का मारलेलं मांस मिळतं. इथं ते काम घरातच करावं लागतं, आणि ते नीट सांगणारं माणूस मिळणं शोहेत मिळण्यापेक्षाही अवघड. तुम्ही भाषण केलं नाहीत. ‘घड्याळ कुठंय?’ असं विचारून सुरुवात केलीत.

मांसातलं रक्त खायचं नाही, म्हणून ते काढण्याचं तुमचं वेळापत्रक आता आमच्या फ्रिजच्या दारावर आहे. कापल्यापासून 72 तासांच्या आत मांस भिजलं पाहिजे, नाहीतर आतलं रक्त आळतं आणि मग मिठानं निघत नाही. आधी वरवरचं रक्त धुवायचं. मग मांस पूर्ण बुडेल इतक्या साध्या पाण्यात अर्धा तास. बर्फाचं पाणी नको, कारण त्यात मांस घट्ट होतं; गोठलेलं असेल तर आधी पूर्ण सुटू द्यायचं. अर्ध्या तासानं बाहेर काढून झटकायचं. इथं दोन्हीकडून चूक होते: मांस गळतं ओलं राहिलं तर मीठ विरघळून वाहून जातं, फडक्यानं कोरडं पुसलं तर मीठ धरतच नाही. मीठही जेवणाचं बारीक नको आणि अख्खे खडेही नकोत. खडे मीठ खलबत्त्यात जरा फोडून घ्यायचं, म्हणजे ते मांसावर टिकतं आणि ओढून घेतं. सगळ्या बाजूंनी लावायचं. कोंबडी असेल तर पोटाच्या आतूनही, आणि पोकळी खाली करून ठेवायची. तिरप्या फळीवर किंवा जाळीवर एक तास. खाली ताट ठेवलंत तर मांस त्याच पाण्यात बसणार नाही एवढं अंतर हवं. तासाभरानं तीनदा धुवायचं, तिन्ही वेळा ताज्या पाण्यानं. या कामाची पातेली आणि फळी वेगळी. त्यात पुन्हा काही शिजवायचं नाही.

‘पाण्यात रात्रभर ठेवलं तर जास्त चांगलं ना?’ हा प्रश्न प्रत्येक घरात निघाला असणार. उलट, 24 तास भिजलं तर ते मांस खाण्यातूनच जातं. इतका वेळ भिजणं शिजण्यासारखं मानतात. आणि भिजवून झाल्यावर मोठा तुकडा पुन्हा कापला, तर नव्या कापावर आतलं रक्त उघडं पडतं, म्हणून परत भिजवणं आलं. त्यामुळे रश्श्याचे तुकडे आधीच पाडायचे, ही तुमची सूचना सगळ्यांत जास्त वेळ वाचवते.

काळीज, म्हणजे कलेजी, हा वेगळा मामला. त्यात रक्त इतकं की मीठ पुरत नाही. आडवे-उभे छेद द्यायचे, धुवायचं, चिमूटभर मीठ टाकून उघड्या आचेवर जाळीत भाजायचं, मग धुवायचं; तव्यावर परतणं त्याच्यानंतर. थेट मसाल्यात टाकलेलं काळीज कितीही खरपूस परतलं तरी चालत नाही, हे आमच्यातल्या अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं.

पण तुमचे आभार मानावेसे वाटतात ते मुख्यतः दुसऱ्याच गोष्टीसाठी. ‘तुम्हाला काही येत नाही’ असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. ‘अर्धं तुमच्या घरात आहेच, फक्त मोजून घ्या’ असं म्हणालात. कोकणात आपल्या लोकांकडे पिढ्यान् पिढ्या ग्रंथ नव्हते, तरी शनिवारी तेलाचा घाणा बंद राहायचा, शेमा ही प्रार्थना म्हटली जायची, सुंता आठव्या दिवशी व्हायची, आणि खवल्या-पराचाच मासा घरात यायचा. शनिवार तेली हे नाव गावानं दिलं ते त्या बंद घाण्यामुळं. तुम्ही शिकवणी तिथूनच पुढं नेलीत.

मटणाच्या रश्श्याचंच बघा. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस’ ही आज्ञा तोराहमध्ये तीनदा येते: निर्गम 23:19, 34:26 आणि अनुवाद 14:21. बाहेरच्या पाककृतीत मटण दह्यात मुरवतात, वरून तूप सोडतात. आपल्या जुन्या बायका चिंच-कोकम आणि नारळाचं दूध वापरत आल्या. नव्याच्या सणाचा हलवासुद्धा गव्हाचा चीक आणि नारळाच्या दुधाचा, म्हणजे मटणाच्या जेवणावर तो चालतो. परक्या पाहुण्याला शंका येईल असं वाटलं तर बदामाच्या दुधाच्या जुन्या नियमाप्रमाणं शेजारी खोबऱ्याचा तुकडा ठेवा, म्हणालात. पण कोकणात नारळाचं दूध बघून कुणी गोंधळेल असं तुम्हालाही वाटत नव्हतं, आम्हालाही नाही.

घोळ असतो तो भांड्यांत. कुकर दोन घेतले तरी शिट्टी आणि रबरी रिंग एकाच डब्यात पडतात, आणि दुधाच्या कुकरची रिंग मटणाच्या कुकरला लागते. लाल दोरा मांसाच्या सामानाला, निळा दुधाच्या, रिंगलासुद्धा: इतकी साधी गोष्ट आम्हाला सुचली नव्हती. फोडणीचं तूप दुधाच्या बाजूला, तेल दोन्हीकडे, पण तेलाची पळी मात्र दोन. मांस खाल्ल्यावर दुधाच्या चहाला सहा तास थांबायचं; मासा आणि मांस एका भांड्यात नाही. आणि हे सांगताना कुठली तोराहची आज्ञा, कुठलं रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, घातलेलं कुंपण आणि कुठली नुसती घराण्याची रीत, हे तुम्ही दर वेळी वेगळं सांगितलंत. सगळंच सारखं कडक म्हणून सांगणारे पुष्कळ असतात. त्यानं माणूस घाबरून सगळंच सोडतो.

मासळीबाजारातला तुमचा धडा लहान पण पक्का. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकुल, मुशी नाही, हे ठाऊक होतंच. पापलेट, रावस, बांगडा चालतो. खवलं नखानं, कातडी न फाटता निघालं पाहिजे. सुरमईची खवलं बारीक असतात, म्हणून कातडीसकट तुकडा मागायचा. सोललेले, ओळख नसलेले तुकडे घ्यायचे नाहीत, कोळीण कितीही शपथेवर सांगो.

शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस. इथं आमची खरी तारांबळ होती. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर; दिवे त्याच्या 18 मिनिटं आधी. तेव्हा हिवाळ्यात नारळ खवणं, डाळ-तांदूळ निवडणं, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवून पानंपान बघणं हे गुरुवारीच उरकायचं. शब्बाथला खवणीवर बसणं म्हणजे दळणं, आणि तांदळातले खडे वेचणं म्हणजे निवडणं. 39 निषिद्ध कामांतली ही दोन्ही. आमटीतला कढीपत्ता बाजूला काढणंसुद्धा निवडण्यात येतं, हे ऐकून सगळे हसले होते. त्यावर तुमचा तोडगा: त्याच्याभोवतीनं जेवा, किंवा थोड्या आमटीसकट चमच्यानं उचला. कोशिंबिरीचा कांदा जाडसर आणि अगदी जेवायच्या आधी चिरायचा.

किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादाच्या, मनुकांच्या शरबताचं प्रमाणही तुम्हीच दिलंत. मनुका पाण्याच्या एक-षष्ठांशाहून जास्त हव्यात आणि दाबल्यावर त्यांतून ओल निघाली पाहिजे. लिटरभर पाण्याला पाव किलो काळ्या मनुका घेतल्या की शंका राहत नाही. गाळणं मात्र शुक्रवारीच.

शब्बाथचं जेवण गरम ठेवायला शेगडीवर जाड पत्रा, बटणंही झाकलेली, आच अगदी मंद, अन्न आधीच पूर्ण शिजलेलं. रस्सा एकदा गार झाला की तो परत गरम करायचा नाही. चहासाठी उकळतं पाणी थर्मासमध्ये आणि पत्तीचा दाट अर्क आधीच करून ठेवलेला, कारण पत्ती कपातल्या गरम पाण्यातही शिजते. कपात पाणी आधी, अर्क नंतर. खिडकी थोडी उघडी. आणि वाऱ्यानं ज्योत विझली तर गॅस ताबडतोब बंद करायचा, कुणाला विचारत बसायचं नाही. जीव वाचवणं शब्बाथच्या वर आहे. हे वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात, बरं केलंत.

पावसाळ्यात शब्बाथला सिनेगॉगला, आपल्या प्रार्थनास्थळी, जाताना छत्री नाही, कारण ती उघडणं तंबू उभारण्यासारखं धरतात. रेनकोट चालतो, तो कपडा आहे. जिथं एरूव्ह, म्हणजे ज्याच्या आत वस्तू नेता येतात अशी आखलेली हद्द, नाही तिथं खिशात रुमालही नाही. जुलैत हे पाळणं सोपं नाही, पण निदान कारण ठाऊक आहे.

नव्या भांड्यांच्या तेविलाबद्दल, म्हणजे वापरण्याआधी ती पाण्यात बुडवण्याबद्दल, एक गोष्ट आम्ही इतरांनाही सांगत असतो. धातूचं आणि काचेचं भांडं समुद्रात बुडवलं तरी चालतं, पण पावसाळ्यात पुरानं फुगलेल्या नदीत नको, कारण तेव्हा तिच्यात वाहतं पावसाचं पाणी झऱ्याच्या पाण्यापेक्षा जास्त असू शकतं. समुद्राला ही अट नाही. किमतीचं लेबल आणि त्याचा डिंक तेल लावून आधी काढायचा, भांडं सैल हातात धरायचं, म्हणजे पाणी सगळीकडे लागतं. मिक्सरच्या भांड्याचं पातं सुटं करून बुडवायचं.

चपात्यांच्या कणकेतून ‘हल्ला’, म्हणजे आज्ञेप्रमाणं वेगळा काढायचा गोळा, काढायचा का, यावर तुम्ही आधी तराजू मागवलात. घरची कणीक अर्धा किलोची, तिला लागू नाही. 1.2 किलोच्या पुढं बिनआशीर्वादाचा गोळा, साधारण 1.67 किलोपासून आशीर्वादासकट. काढलेला तुकडा जाळायचा. ज्वारी-बाजरीच्या भाकरीला हे नाही आणि तिच्यावर हामोत्झी हा भाकरीचा आशीर्वादही नाही.

मेझूझाबद्दल, म्हणजे दाराच्या चौकटीवर लावायच्या हातानं लिहिलेल्या वचनांबद्दल, हज्जानसाहेबांना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारा म्हणालात, आणि तरी दोन गोष्टी सांगितल्याच: 210 सेंटिमीटरच्या दाराला 140च्या खाली लावायचा नाही, आणि कोकणच्या दमट हवेत शाईला चिरा जातात म्हणून सात वर्षांत दोनदा तपासून घ्यायचा. छापील कागद तर मेझूझाच नव्हे.

पेसाहची, म्हणजे खमीर वर्ज्य असलेल्या सणाची, तयारी तुमच्या यादीनं सोपी झाली. भात आपल्याकडे चालतो. तांदूळ तीनदा बघून घ्यायचा. पण पीठ गिरणीत दळलं तर आधीच्या गव्हाचा अंश येतो, म्हणून तांदूळ धुऊन, वाळवून घरीच दळायचा. आणि हिंग! बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक मैदा मिसळलेला असतो. सगळं घर स्वच्छ केलं आणि फोडणीत हमेट्झ, म्हणजे पेसाहला वर्ज्य असलेलं गव्हासारखं धान्य, पडलं, असं होऊ शकतं. डब्यावरचा हिरवा ठिपका मांस नाही एवढंच सांगतो. मैदा, द्राक्षाचा व्हिनेगर यांबद्दल तो काही सांगत नाही.

सिनाय पर्वताशी लोक म्हणाले, ‘नासे व्हेनिश्मा’, आधी करू, मग ऐकू. तुम्ही आम्हाला करता करता ऐकवलंत, आणि जिथं उत्तर माहीत नव्हतं तिथं ‘रब्बींना विचारून सांगते’ म्हणालात आणि खरंच सांगितलंत.

तुमच्या वहीची पानं आम्ही देवनागरीत टाईप केली आहेत. पेसाहच्या आधी एकदा नजर टाका: काळजाच्या पानावर 72 तासांची अट राहिली होती, ती घातली आहे, तेविलाच्या पानावर काचेच्या झाकणाचं रबर काढायचं की नाही, तेवढं लिहून द्या.

तुमची,
ठाण्या-मुंबईतली बेने इस्राएल घरं