भाव सांगितला, पण काम कुणी विचारलेच नाही

महोदय,

गेली 38 वर्षे मी साताऱ्यात ब्लाउज शिवते. मुलीची जात म्हणून शाळेत चष्मा लपवून नेत असे, इतका जुना माझा उणे तीनचा नंबर. त्याचा एक फायदा मात्र झाला: चष्मा कपाळावर सरकवला की सुईत दोरा झटक्यात जातो.

मोतीबिंदूसाठी एका दवाखान्यात गेले, तर काउंटरवर लॅमिनेट केलेला दरांचा कागद पुढे आला. ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायच्या, पण साडीच्या दुकानात दाखवतात तशा चढत्या भावाच्या लेन्स! ‘मल्टिफोकल घ्या काकू, चष्म्याची कटकटच नको.’ जवळचे-लांबचे दोन्ही दाखवणाऱ्या या लेन्सने रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, हे तिथे कुणी बोलले नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारले, ‘दिवसभर करता काय?’ साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरावरचे स्वच्छ दाखवणारी लेन्स बहुतेकांना लांबच्या नजरेसाठी बसवतात आणि वाचायला चष्मा लागतो. पण डोळ्याची लांबी व बुबुळाचा बाक मोजून तिचा नंबर असाही निवडता येतो, की दीड-दोन वितींवरचे स्वच्छ दिसावे. मग लांबच्याला चष्मा, जो मी जन्मभर लावतेच आहे. मी हीच घेतली. काजे-बटणे पुन्हा बिनचष्म्याची होतात.

ऑपरेशनआधी सही घेण्याच्या कागदावर ‘रुग्णाचे रोजचे काम’ अशी एक ओळ छापायला दवाखान्यांना काय अडचण आहे? माझा डावा डोळा अजून व्हायचा आहे.

– एक शिवणकाम करणारी, सातारा