धाकट्यांचे गुपित आणि मोठ्या भावंडांचे काम

महोदय,

अकरावीचे प्रवेश झाले की मुंबईतल्या अनेक घरांत एक प्रश्न शिरतो आणि तो आईवडिलांच्या कानावर सहसा जातच नाही. वर्गातले कुणीतरी आवडू लागलेले असते, बोलायचा धीर होत नसतो आणि दोन खोल्यांच्या घरात फोनवर कुजबुजायलाही आडोसा नसतो. अशा वेळी लाजाळू मूल बोललेच, तर ताईशी नाहीतर दादाशी बोलते. माझा धाकटा भाऊ सध्या याच वयात आहे.

मोठ्यांचा उत्साह बहुतेकदा ‘सेटिंग लावून देण्या’त खर्च होतो. धाकट्याचा फोन हातात घेऊन त्याच्या नावाने चुरचुरीत मेसेज पाठवले जातात आणि उत्तर आले की टाळ्या दिल्या जातात. मात्र दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या जिन्यात तिच्यासमोर उभा राहतो तो ‘जर्नल पूर्ण झाली का?’ एवढे विचारतानाही घामाघूम होणारा मुलगा. म्हणून मी भावाला मेसेज लिहून देत नाही. वाण्याकडून चुकीची आलेली वस्तू बदलून आणणे, घरी आलेला मामाचा फोन स्वतः घेणे, ही कामे त्याच्यावर टाकते. याचा प्रेमाशी काय संबंध, असे तो कुरकुरत विचारतो. संबंध आहे, ज्याला कुणाशीच बोलायची सवय नाही, त्याने पहिला प्रयोग आवडत्या व्यक्तीवरच का करावा? यंदा तो कॉलेजच्या एकांकिकेला बॅकस्टेज करतो आहे. तिथे नेपथ्य उचलताना बोलायला निमित्त शोधावे लागत नाही.

नकाराबद्दल मात्र आडपडदा ठेवू नये. मुलगी एकदा ‘नको’ म्हणाली की विषय संपला. तिने नापसंती स्पष्ट केल्यावरही वारंवार मेसेज करणे वा मागे फिरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि ‘मागे लागलास की पटेल’ हा कट्ट्यावरचा सल्ला देणारे मित्र तेव्हा जवळपासही फिरकत नाहीत. तसेच २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालकच ठरते, त्यामुळे शारीरिक संबंधांत दोघांची राजीखुशी असली तरी ती संमती कायदा मानत नाही. हे घरात न लाजता सांगणारे कुणीतरी हवे.

पालकांना एकच विनंती आहे. ताईला हेर करू नका. ‘त्याचे काय चालले आहे ते आम्हाला सांग’ असे एकदा बजावले की धाकट्याचे तोंड कायमचे मिटते. फोटोंवरून धमकी किंवा वयाने बऱ्याच मोठ्या माणसाचा संपर्क, असे काही असेल तर ताईने गुपित न राखता घरी सांगावे. गरज पडल्यास १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइनही आहे. ज्युनिअर कॉलेजांनी वर्षारंभीच्या पालकसभेला मोठ्या भावंडांनाही बोलवावे, असे सुचवावेसे वाटते.

– एक वाचक, परळ, मुंबई