बंड्या, ते चाळीस रुपये

प्रिय बंड्या,

शिव्या नंतर दे, आधी वाच.

दिवाळीपासून तुझे चार मिस्ड कॉल अन् "जिवंत हायेस का बे" असा एक मेसेज माझ्या फोनात पडून आहे. जिवंत आहे. शुगर गोळीवर आहे, आईचे गुडघे होते तिथंच आहेत, बाकी ठीक. उत्तर न देण्याचं कारण काही नाही, उद्या करू उद्या करू म्हणत राहिलो. अन् आता जे झालं ते फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच हसशील, इकडं बायको विचारेल एवढं हळू कोणाशी बोलता, म्हणून लिहून राहिलो. दुसऱ्या कोणाला हे सांगता येत नाही. तुलाच का, ते पुढं कळेल.

सहल नेली होती. सहावी-सातवीचे बेचाळीस पोट्टे-पोट्ट्या, दोन दिवस, शाळेच्या सहलीला एसटी अर्ध्या भाड्यात मिळते ती. दरवर्षी एक देवस्थान अन् एक पाण्यात डुंबायची जागा असं ठरलेलं असते. यंदा मी हट्ट धरला की म्युझियमच दाखवायची. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले पोरं बोअर होतील, पालक पैसे देणार नाहीत. तुला माहीत आहे मी का अडून बसलो. आपल्या सातवीच्या सहलीत आपल्याला सोमवारी नेलं होतं अन् नागपूरचं म्युझियम, अजब बंगला, सोमवारी बंद असतो. गेटच्या गजांना नाक लावून परत आलो अन् तू बसमध्ये माझ्या डब्यातले सगळे शंकरपाळे खाल्ले. ते मी विसरलो नाही, सांगून ठेवतो.

पहिल्या दिवशी सेवाग्राम. बापूकुटीत पोरं गप्प झाली, मला वाटलं भारावली. तर एक पोट्टी हळूच म्हणते, सर, हे तं आमच्या आजीच्या घरासारखंच हाय, याले पाहाले एवढ्या दूर कायले आणलं? सारवलेली जमीन, मातीच्या भिंती, कवेलू. काय सांगणार तिला. पण साप पकडायचा चिमटा अन् सापाचा पिंजरा दिसला अन् सगळी झुंबड तिथं. साप मारायचा नाही, पकडून दूर रानात सोडायचा, हे सांगितल्यावर आमच्यातल्या एकानं विचारलं, अन् चावला तं? मग वर्ध्यातलं मगन संग्रहालय, गांधीजींनीच 1938 मध्ये उघडलेलं. चरख्यांचे इतके प्रकार असतात हे मलाच माहीत नव्हतं. आपल्या पोरांच्या घरी कापूस घरात छातीएवढा रचलेला असतो पण सूत कोणी काढताना पाहिलेलं नाही. सगळं ऐकून घेतलं अन् सातवीतल्या एकाचा पहिला प्रश्न, सर, तवा भाव काय होता? हसावं की रडावं. यंदाचा भाव तुला काकूंनी सांगितलाच असेल.

दुसऱ्या दिवशी नागपूर, अन् मंगळवार होता, मी कॅलेंडर तीनदा पाहिलं. 1863 पासून उभा आहे हा अजब बंगला अन् मी आत पाय ठेवला पंचेचाळिशी जवळ आल्यावर. पोरांना पेंढा भरलेली जनावरं दाखवली, तर वाघापुढं उभं राहून चर्चा सुरू, हा बारीक हाय, आपल्या नाल्यावरचा याच्याहून मोठा हाय. आपल्या गावच्या पोरांना वाघ दाखवायला नागपूरला नेणारा मीच एक शहाणा. मूर्ती, शिलालेख, ताम्रपट, यापाशी पोरं सरकत सरकत पुढं जात होती, म्हणून मी त्यांना थांबवून गुंगेरियाची गोष्ट सांगितली. इथंच सगळं बिघडलं बघ.

गुंगेरिया म्हणजे बालाघाट जिल्ह्यातलं गाव. 1870 साली दोन गुराखी पोरं ढोरं चारायला गेली होती, त्यांना जमिनीतून तांब्याचा तुकडा निघालेला दिसला. मग उकरलं तर तांब्याच्या कुऱ्हाडी, पहारी असल्या 424 वस्तू, अन् चांदीचे 102 पातळ पत्रे, काही गोल, काही बैलाच्या डोक्यासारखे. तांबंच पावणेचारशे किलो. साडेतीन हजार वर्षांच्या आसपासचं. त्यातलं काही नागपूरला आलं, काही थेट लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेलं. पोरं कान देऊन ऐकत होती कारण गोष्टीतले हिरो ढोरं राखणारे होते. अन् मी, मास्तर माणूस, तोंड आवरत नाही, वरून भाषण दिलं की बघा, त्या पोरांनी सांगितलं म्हणून आपल्याला कळलं, तुम्हालाही शेतात असं काही सापडलं तर लपवायचं नाही, विकायचं नाही, मला येऊन सांगायचं.

हे मी बोललो बंड्या. मी. तू आता हसून राहिला असशील, मला इथून ऐकू येते.

परतताना जामच्या पुढं बस अंधारात, पोरं ओकून ओकून झोपलेली, अन् सहावीतला एक पोरगा माझ्या सीटपाशी येऊन उभा. नाव नाही सांगत, तुझ्या पोटात राहत नाही. म्हणे, सर, आमच्या आबाजीपाशी हायेत. काय हायेत? पैसे. जुने. वावरात निंगाले होते. आबाजीनं सांगू नको म्हटलं हाय. पण तुमी म्हटलं सांगजो.

त्यांचं वावर कुठं आहे माहीत आहे? रिठाला, त्या जुन्या उजाड गावठाणाला लागून. बांधाच्या पलीकडं, मोहाचं झाड होतं ना, तिथं.

मी रविवारी गेलो. म्हातारा ऐंशीच्या पुढं आहे, पण वखर अजून स्वतः धरतो. चहा झाला, पाऊस-पाणी झालं, मग नातवाकडं एकदा बघून उठला अन् देवामागून एक लोटी आणली, हळदीकुंकवानं माखलेली. साठ-सत्तर असतील आत. पोराच्या बापाच्या लग्नाच्या वर्षी वखरताना निघाले म्हणे, तेव्हापासून धनतेरसला पूजा होते. मी एक उचललं अन् अंगठ्यानं कुंकू पुसलं.

सोंड वर केलेला हत्ती.

उलटं केलं. चार गोल, मधे फुली.

मला त्या खाटेवर बसल्या बसल्या घाम फुटला. म्हातारा म्हणे, गुरुजी ऊन लागलं का, पानी घ्या.

तुला आठवते ना? की तू तेही मी बनवून सांगतो म्हणशील? त्या पावसाळ्यात नाल्यानं रिठाची कड कापली होती अन् गाडग्याचा काठ बाहेर दिसत होता. तू आजही चारचौघात म्हणतोस की विकायची आयडिया माझी होती. आयडिया तुझी होती बे. मी फक्त गाडगं फोडलं. दीडशेच्या वर असतील, मोजलेही नाहीत आपण, तुझ्या दप्तरात भरले अन् बाजाराच्या दिवशी मोडवाल्याकडं. त्यानं कानसीनं घासून पाहिलं, चांदी नाही, धड तांबं पण नाही, चाळीस देतो. वीस तुझे, वीस माझे. टॉकीजमध्ये शेवटच्या रांगेत पहिल्यांदा बसलो आपण, अन् इंटरव्हलमध्ये भजे.

आता ऐक, मी चार रात्री मोबाईलवर हेच वाचून राहिलो. ते सातवाहनांचे आहेत. धातूला पोटीन म्हणतात, तांब्यात कथील-शिसं मिसळलेलं, म्हणून तो मोडवाला नाक मुरडत होता. आपल्या मंगरूळपीरकडच्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये असलीच हजारावर नाणी एका जागी सापडली होती, जुनी नाणी-शिलालेख वाचणारे पंडित वा. वि. मिराशी, त्यांनी बसून वाचली. काठाकाठानं ब्राह्मीत राजाचं नाव असते. अन् त्यात काही राजे असे निघाले की पुराणातल्या यादीत त्यांचं नावच नाही. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी. फक्त त्या नाण्यांमुळं माहीत झाले, नाहीतर होते की नव्हते कोणाला पत्ता नव्हता. मला ते वाचून झोप नाही लागली. आपल्या दीडशेत असा एखादा असेल अन् त्याचा कोणाच्या तरी घरी झारा होऊन भजे तळून राहिला असेल तर?

हसलास? मी पण हसलो. बायकोनं विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही.

बरं, कायदा पण वाचला. 1878 चा आहे, इंग्रजांचा, अजून चालू. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांच्या वरचं काही असेल तर कलेक्टरला लेखी कळवायचं, नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. दहा रुपये, बंड्या! आपल्या वाट्याला वीस-वीस आले, म्हणजे वेगवेगळं धरलं तरी दोघंही सापडतो. अन् सरकारनं ठेवून घेतलं तर मालाची किंमत वर पाचवा हिस्सा द्यायचा असं आहे. या मालाची किंमत काय, तर मोडवाल्यानं सांगितलीच होती.

म्हाताऱ्याला मी हे सगळं सांगितलं, जेवढं समजलं तेवढं. त्याला पैशाचं काही नाही. त्याचं एकच, माह्यं वावर जाईन. मी म्हटलं नाही जात, चार नाण्यांनी वावर जात नाही. पण लोकांच्या डोक्यात बसलेलं आहे अन् उगाच बसलेलं नाही, संरक्षित स्मारक असलं की 100 मीटरपर्यंत बांधकाम बंद अन् त्याच्या पुढं 200 मीटर परवानगी मागत फिरा, हे इकडं सगळ्यांना पाठ आहे. तीन एकर आहे त्याच्याकडं. उद्या कोणी साहेब आला अन् रिठावर दोरी टाकून गेला तर मी काय म्हातारा म्हातारीला पोसणार आहे? अन् नाही सांगितलं तर वर्गात ते पोरगं रोज माझ्यासमोर बसते. परवा इतिहासाच्या तासाला हात वर करून विचारते, सर, गुंगेरियाच्या त्या पोट्ट्यायनं सांगून देल्लं, मंग त्यायले काय भेटलं? मी फळा पुसत बसलो. कोरा होता फळा.

आता खरं सांगतो, ज्यासाठी एवढं लिहिलं. हे कलेक्टर-बिलेक्टर मी निस्तरीन, तहसीलमध्ये आपला एक वर्गमित्र आहेच, तो मोकळा माणूस आहे, आधी त्याला नुसतं विचारता येईल. ते नाही. मी निघताना म्हातारा लोटी बांधता बांधता म्हणाला, गुरुजी, तुमी तं त्या रिठावरच लहानाचे मोठे झाले. तुमाले नाई भेटलं कधी काई?

मी म्हटलं, नाही.

लगेच म्हटलं बे. विचार पण नाही केला. पोरगं दारात उभं होतं, माझ्या तोंडाकडं पाहत. त्याला कळलं का मला माहीत नाही. तू म्हणशील त्याला कसं कळणार, पण तू मास्तर नाहीस, या वयाच्या पोरांना खोटं कसं दिसते ते मला विचार. एवढ्या वर्षांत कधी आठवलं पण नव्हतं ते गाडगं, अन् आता डोळा मिटला की त्याचा काठ दिसते, त्यावर बोटानं काढलेली एक रेघ होती.

मला परत जायचं आहे त्यांच्याकडं. जाऊन सांगायचं आहे की सापडलं होतं, आम्ही काय केलं, किती आले, त्याचं काय खाल्लं. मग म्हाताऱ्याला जे करायचं ते करू दे. पण ती गोष्ट सांगायची तर तुझ्याशिवाय सांगता येत नाही. दप्तर तुझं होतं. काकू अजून गावात राहतात, उद्या पारावर चर्चा होईल, की यांचा पुण्याचा साहेब रिठावरचं धन विकून सिनेमा पाहत होता. म्हणून विचारून राहिलो. नाही म्हणालास तर मी तुझं नाव "एक मित्र" असं घेईन, पण गावात माझा एकच मित्र होता हे सगळ्यांना माहीत आहे.

तुझं प्रमोशन झालं काकूंकडून कळलं, अभिनंदन. फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार. पोरगी तिसरीत ना आता? तिला एखाद्या रविवारी मॉलऐवजी केळकर म्युझियमला ने, तुझ्या घरापासून अर्धा तास आहे अन् तू पंधरा वर्षांत गेला नसशील. चष्म्याचं दुकान होतं त्या माणसाचं, सात वर्षांचा मुलगा गेला, राजा नाव होतं, त्याच्या नावानं दिवे, अडकित्ते, दारं, वाद्यं असं गावोगाव फिरून आयुष्यभर गोळा केलं अन् सगळं सरकारला देऊन टाकलं. पोरीला अडकित्ते दाखव, माणसाच्या आकाराचे, जनावरांच्या आकाराचे, हसेल ती. तू पण बघ.

अजून एक. तू त्यातलं एक नाणं कंपासात ठेवलं होतंस, परीक्षेत लकी म्हणून. गणितात 37 आले तरी दहावीपर्यंत ते कंपासात होतं, मी पाहिलं आहे, नाही म्हणू नको. तो कंपास काकूंच्या लोखंडी पेटीत असेल, तुझी जुनी प्रगतिपुस्तकं ठेवली आहेत त्याच्याखाली. मी जाऊन पेटी उघडा म्हणालो तर काकू शंभर प्रश्न विचारतील. तूच फोन कर, काहीतरी कागद पाहिजे म्हण. सापडलं तर त्यांना घासू देऊ नको, त्या चिंच लावून चकचकीत करतील. कुरियर पण नको. होळीला येशीलच, खिशात घालून आण, म्हाताऱ्याकडं सोबतच जाऊ.

तुझा,
शंकरपाळेवाला