सोयाबीन आणि तेल एकाच आलेखात कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाद्यतेल महागले की भारत आणि चीन यांच्या आयातीचे आलेख शेजारीशेजारी छापले जातात. चीनची रेषा आभाळाला टेकलेली, आपली ठेंगणी. त्यावरून आपण चीनपेक्षा कमी परावलंबी, असे कोणी म्हणाले तर ते साफ चूक आहे, कारण चीनच्या रेषेत सोयाबीन मोजलेले असते आणि आपल्या रेषेत तेल.

चीनने 2024 मध्ये सुमारे 10.5 कोटी टन सोयाबीन आणले. आपली खाद्यतेलाची आयात 2023-24 च्या तेलवर्षात (नोव्हेंबर ते ऑक्टोबर) सुमारे 160 लाख टन, म्हणजे 1.6 कोटी. वरवर पाहता साडेसहापट फरक. पण क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते 18-19 किलो, बाकी बहुतेक पेंड. या हिशेबाने चीनला त्यातून मिळालेले तेल 1.9 ते 2 कोटी टन भरते. (चीन पामतेलही आणतो, ते यात धरलेले नाही.) लोकसंख्या दोन्हीकडे 140 कोटींच्या आसपास, तेव्हा दरडोई काढूनही फार फरक पडत नाही.

चीनला ओढ आहे ती पेंडीची, डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी. म्हणून तिथली आयात 2017 च्या साडेनऊ कोटींवरून 2018 मध्ये 8.8 कोटी टनांवर आली, त्याचे सगळे श्रेय अमेरिकेशी चाललेल्या व्यापारयुद्धाला देऊ नये. जुलैत अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा शुल्क लागले हे खरे, पण ऑगस्टमध्येच तिथे आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा साथरोग आला आणि पुढे डुकरांची संख्याच घटली. 2019 मध्येही आकडा तिथेच रेंगाळला. आपल्याकडे उलटे. आपण डीओसी (तेल काढलेली पेंड) निर्यात करतो आणि तेल आणतो. आपली रेषा हलते ती आयातशुल्काने आणि पामतेलाच्या भावाने.

पायाभूत वर्ष कोणते धरले, तेही पाहावे. चीनसाठी 2018 धरले तर 2024 पर्यंतची वाढ 19 टक्के, 2017 धरले तर 10. आपल्यासाठी 2020-21 हे करोनाचे वर्ष (131 लाख टन) धरले तर 2023-24 पर्यंत सुमारे 22 टक्के, 2018-19 (149 लाख टन) धरले तर 7. हवी ती बातमी काढता येते!

वर्ष म्हणजे कोणते वर्ष, हा आणखी एक घोळ. तेलवर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर, सरकारी आकडे एप्रिल ते मार्च, चीनचे कस्टम्सचे आकडे जानेवारी ते डिसेंबर. इंडोनेशियाने 28 एप्रिल ते 23 मे 2022 पामतेलाची निर्यात थांबवली. तो धक्का तेलवर्षाच्या हिशेबात 2021-22 मध्ये पडतो, आर्थिक वर्षाच्या हिशेबात 2022-23 मध्ये. दोन तक्ते जोडताना एकच घटना दोनदा मोजली जाते किंवा गायब होते.

रुपयांतले आकडे तर प्रमाणाच्या तुलनेत घेऊच नयेत. 2021-22 मध्ये 140 लाख टनांना सुमारे 1.57 लाख कोटी रुपये मोजले. पुढल्या तेलवर्षी 165 लाख टन आले आणि बिल मात्र 1.38 लाख कोटींवर उतरले. ‘आयात घटली’ असा मथळा त्यावर सहज बसतो.

शेवटचे, जे आलेखात कधीच दिसत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयातशुल्क 5.5 वरून 27.5 टक्के झाले, रिफाइंडवरचे 13.75 वरून 35.75. त्यानंतर नेपाळमधून रिफाइंड सोयातेल मोठ्या प्रमाणात येऊ लागले, कारण साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात त्यावर शुल्क नाही. मूळ कच्चे तेल बाहेरचेच, पण आपल्या तक्त्यात देश लागतो नेपाळ. हा माल जमिनीच्या रस्त्याने येतो, त्यामुळे नुसत्या बंदरांवरची आवक मोजणाऱ्या तक्त्यात तो धरलाच जात नाही. मे 2025 च्या अखेरीस कच्च्या तेलावरचे शुल्क 16.5 टक्क्यांवर आणले, रिफाइंडवरचे तसेच ठेवले. तेव्हा या वर्षांचा आलेख छापताना कच्चे आणि रिफाइंड वेगळ्या रंगात दाखवावे आणि नेपाळची आवक धरली की नाही, ते खाली एका ओळीत लिहावे, ही विनंती.

— एक वाचक, लातूर