नाना, युरियाची गोणी फोडू नका

आई, नाना,

काल फोनवर आई बोलता बोलता बोलून गेली की नानांनी युरियाच्या अजून दोन गोण्या आणून ठेवल्यात, तेव्हापासून माझं ऑफिसात लक्षच नाहीये. फोनवर नाना "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. आई, तूच वाचून दाखव, नाहीतर चष्मा सापडत नाही म्हणतील.

नाना, मागच्या वर्षीची कांदा साठवायची चाळ आठवा. जुलैत आई आणि मी निवडायला बसलो होतो, वरून कांदा टणक, पत्ती झकास, आणि मानेला अंगठा लावला की सरळ आत, नखापर्यंत चिकट पाणी. दोन दिवस हाताचा वास गेला नाही. तुम्ही म्हणालात बियाणं खराब. अहो, बियाणं घरचंच होतं! लागणीला दोन महिने झाल्यावर आपण युरिया फेकला होता ना, पात हिरवीगार झाली आणि तुम्ही बांधावरून सगळ्यांना दाखवत होतात. पण एवढ्या उशिरा युरियातलं नत्र (नायट्रोजन) मिळालं की कांदा पातच वाढवत बसतो, मान जाड राहते, नीट सुकून मिटत नाही, आणि चाळीत सड तिथूनच शिरते.

राजगुरुनगरच्या कांदा संशोधनवाल्यांची रब्बीची शिफारस हेक्टरी 110 किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी 44. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 20.7 किलो नत्र बसतं. लागणीला एकरी एक गोणी 10:26:26 खत दिलंत त्यात 5 किलो नत्र आलं, वर अर्धी गोणी युरिया, तिसाव्या दिवशी एक गोणी. म्हणजे आता पंचेचाळीसाव्या दिवशी जेमतेम अर्धी राहिली, आणि ती तर आधीचीच शिल्लक आहे! त्यानंतर दाणासुद्धा नको. गंधक टाकलंत ते मात्र बरं केलंत.

पाण्याचं पण तेच. रात्रीची लाईट, परत येईल न येईल म्हणून तुम्ही वाफे तुडुंब भरता, मला कळतं, दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरणं काय असतं ते मी पाहिलंय. पण कांद्याची बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीतच राहतात, खालचं पाणी त्याच्या काय कामाचं, उलट आपल्या काळ्या रानात ओल धरून राहते आणि पातीवरचा करपा रोग वाढतो. खुरप्याने चार बोटं उकरा, माती मुठीत दाबा, गोळा झाला तर त्या रात्री झोपा सरळ. कांदा पोसायला लागला की मात्र ताण देऊ नका, ताण देऊन मग एकदम पाणी सोडलं की कांदा फुटतो, जोडकांदा निघतो आणि व्यापारी तोच वर काढून भाव पाडतो. काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी बंद, शेजारच्यांचं चालू दिसलं तरी.

ठिबकचं मी काढत नाही, मागच्या वेळी त्यावरून जेवण राहिलं होतं तुमचं.

काढणीला चार दिवस सुट्टी टाकतेय. आई, त्या दोन गोण्या पुढच्या मक्याला होतील, तोवर पेंडीच्या पोत्यांमागे सरकव आणि वर ताडपत्री टाक. नाना विचारतील तेव्हा माझं नाव सांग.

तुमची,
ताई