वायरलेसला जीपीएसची जोड : सभासद आणि हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या सर्वसाधारण सभेत हा विषय सर्वांत शेवटी आला आणि ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून बाजूला पडला. त्यानंतर धुक्याची ती रात्र झाली. आता पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं नाही असं कार्यकारिणीने ठरवलं, म्हणून हे आवाहन. रात्री उशिरा लिहायला बसलोय आणि सकाळी फलकावर लावायचं आहे, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

त्या रात्रीचं सगळं सगळ्यांना ठाऊक आहे, एक गोष्ट सोडून. बोटीत पाणी शिरल्यावर तांडेलाने वायरलेसवरचं लाल झाकण उघडून बटण दाबून धरलं. अगदी बरोबर केलं. संकटाचा संदेश ७० नंबरच्या चॅनेलवरून गेला, किनारा केंद्रावर इशारा वाजला, पडद्यावर बोटीचा एमएमएसआय नंबर, म्हणजे वायरलेसवरची तिची नऊ आकडी ओळख, तोही उमटला. अक्षांश-रेखांशाच्या जागी मात्र नुसत्या रेघा. त्या वायरलेसपासून वीतभर अंतरावर जीपीएस होता, चालू होता आणि बोट कुठे आहे ते त्याला नेमकं माहीत होतं. वायरलेसला ते कळलं नाही, कारण दोघांमधल्या दोन तारा जोडायच्या राहून गेल्या होत्या. मग तांडेलाने १६ नंबरवर आकडे तोंडी सांगितले. गुडघाभर पाण्यात उभं राहून, इंजिनाच्या धडधडीत. बत्तीस मिनिटांची ऐकणाऱ्याने छत्तीस केली. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणजे शोधणारे चार मैल भलतीकडे. माणसं सगळी सुखरूप परतली, पण ती उजाडल्यावर.

आपल्या संस्थेने वरचेवर हात पसरलेले नाहीत, आणि पसरले तेव्हा देणारे भेटले, हे इथे लिहिलंच पाहिजे. किनाऱ्यावरचा आपला पहिला वायरलेस आला तो माजी अध्यक्षांच्या हट्टापायी. ऑफिसच्या छतावर अँटेनाचा खांब उभा करायला ते स्वतः चढले होते, साठी उलटलेली असताना, आणि खाली शिडी धरून उभ्या असलेल्या आम्हा पोरांना वरून यथेच्छ शिव्या घालत होते. व्हीएचएफ, म्हणजे आपल्या वायरलेसची लहर, साधारण नजरेच्या रेषेत जाते, अँटेना जितकी उंच तितका पल्ला जास्त, हे आम्ही त्या शिव्यांतून शिकलो. लाइफ जॅकेटांच्या वेळी जाळी विणणाऱ्या भगिनींच्या गटाने वर्षभराची शिल्लक एका दुपारी आणून टेबलावर ठेवली आणि ‘पावतीवर नाव नको’ म्हणाल्या. नाव आजही लिहीत नाही, पण त्या पैशांची जॅकेटं त्या रात्री खलाशांच्या अंगात होती. धक्क्याच्या टोकाचा दिवा, पहिल्या दोन वर्षांची त्याची बॅटरी, त्या बॅटरीची देखभाल, हे सगळं इंजिनवाल्या मामांनी एकट्याने सांभाळलं. हिशेब मागितला की ते म्हणायचे, ‘दिवा दिसतोय ना? मग झालं.’

या कामाची सुरुवातही अशाच एका देणगीतून झाली. आपल्या जुन्या वायरमनकाकांच्या मागे काकूंनी त्यांची हत्यारांची पेटी संस्थेला दिली. टर्मिनल दाबायची पकड, मल्टिमीटर, तार सोलायची कात्री, प्रत्येकाला काकांनी स्वतःच्या हाताने गुंडाळलेली कापडी पट्टी. या पेटीवर पाच बोटी जोडून झाल्या. जोडायला आली ती काकांच्या हाताखाली शिकलेली दोन मुलं, दिवसभराचं स्वतःचं काम आटपून. एक पैसा घेतला नाही.

‘दोन तारांचं तर काम, त्याला आवाहन कसलं?’ असं विचारणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. जीपीएसच्या ‘आउट’च्या दोन तारा वायरलेसच्या ‘इन’च्या दोन तारांना जोडायच्या, प्लसला प्लस, मायनसला मायनस. दोघांची भाषा एक, एनएमईए ०१८३. १९८३ सालापासून चालत आलेली, सेकंदाला ४८०० बिट इतकी सावकाश बोलणारी. तिच्यात बोलणारा एक असला तर ऐकणारे चार चालतात. एका ऐकणाऱ्याला दोन बोलणारे जोडले की कुणाचंच काही कळत नाही, आपल्या सभेसारखं. इथवर सोपं. पण तारांचे रंग ज्या त्या कंपनीचे वेगळे. रंगाला रंग जोडून घरच्या घरी काम उरकलेल्या दोन बोटी आम्ही सोडवल्या आहेत. दोन्ही नाखवांना वाटत होतं की आपलं काम झालेलं आहे.

तिसऱ्या बोटीवर सगळं बरोबर जोडूनही रेघा हटेनात. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी उलगडलं की नवा जीपीएस वेगवेगळ्या देशांचे उपग्रह एकत्र वापरतो, म्हणून त्याच्या ओळी ‘जीएन’ने सुरू होतात, आणि जुना वायरलेस फक्त ‘जीपी’ने सुरू होणारी ओळ ओळखतो. सेटिंगमध्ये फक्त जीपीएसचे उपग्रह ठेवले, आणि मिनिटाभरात रेघांच्या जागी आकडे उमटले. दोघा मुलांनी केबिनमध्ये असा ओरडा केला की शेजारच्या बोटीवरचे धावत आले. चौथ्या बोटीवर जोड आधीपासून होता, तारा पिळून वर टेप मारलेली. टेप सोलली तर आत तांब्याऐवजी हिरवं पीठ. म्हणून सामान चांगलं लागतं: कल्हई चढवलेल्या बारीक पदरांची वायर, दाबायची टर्मिनलं, तापवल्यावर आवळून आतून डिंक सोडणारी नळी. घरातल्या दिव्यांची वायर खाऱ्या हवेत टिकत नाही, कृपया ती आणून देऊ नये. मागे एकदा आली होती.

आता जरा मनातलं. ही हाक गेल्या वर्षीही दिली होती. ग्रुपवर अंगठे ढिगाने आले, माणूस एकही आला नाही. ‘मोबाइल आहे की खिशात’ असंही ऐकवलं गेलं. मोबाइलची रेंज कुठे संपते ते मी सांगायला नको. आणि लागलाच तरी तो एकाला लागतो. लाल बटणाचा इशारा टप्प्यात असलेल्या, ७० नंबर ऐकणाऱ्या प्रत्येक बोटीवर वाजतो. मोठ्या जहाजांवर ही यंत्रणा १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू आहे. आपण अजून दोन तारांपाशी अडलोय, याचं वाईट वाटतं. पाच झाल्या, बावीस बोटी बाकी आहेत. हवा बिघडायच्या आत सगळ्या व्हाव्यात अशी इच्छा आहे.

मदत कशी : ज्याला जमेल त्याने एका बोटीचं सामान उचलावं (वायर, टर्मिनलं, नळी, फ्यूज, यादी खजिनदारांकडे), अर्ध्या बोटीचं चालेल, रोख दिल्यास पावती लगेच. हातात कला असलेल्यांनी संध्याकाळी सात ते नऊ ऑफिसात यावं, दुसरा मल्टिमीटर कुणाकडे पडून असल्यास आणावा. नाखवांनी दोन्ही यंत्रांची माहितीपुस्तिका शोधून ठेवावी, हरवली असल्यास मॉडेल नंबरचा फोटो पाठवावा. एनएमईए २००० ची टी-जोडांची केबल असेल तर आधी सांगावं, तिचं सामान वेगळं. वायरलेसमध्येच जीपीएस असलेल्यांनी नाव देऊन यादी लांबवू नये. एमएमएसआय नंबर कागदावरून दोनदा पडताळून आणावा. पुष्कळ यंत्रांत तो एकदा-दोनदाच भरता येतो, चुकला तर यंत्र कंपनीकडे पाठवावं लागतं. वायरलेस होकायंत्राजवळ सरकवू नये, त्याच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. जोडणी होईपर्यंत स्थान हाताने भरता येतं, पण बोट पुढे गेली की ते शिळं, म्हणून भरत राहावं. जोड तपासायला लाल बटण कुणीही, कधीही दाबू नये. त्यासाठी टेस्ट कॉल आहे. चुकून दाबलं गेलंच तर गप्प बसू नये, १६ नंबरवर बोटीचं नाव आणि नंबर सांगून इशारा रद्द केल्याचं जाहीर करावं. नावं या आठवड्यात द्यावीत, क्रम नाव येईल तसा.

आपला,
चिटणीस

ता. क. काकांच्या पेटीतली टर्मिनलची पकड मंगळवारपासून दिसत नाही. ज्याने नेली त्याने ऑफिसच्या खिडकीत ठेवली तरी चालेल, कुणी काही विचारणार नाही. तिच्यावाचून सहावी बोट अडून आहे.